सलामीची टाकी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. 'तीर्थरूप' लिहावं की नुसतं 'दादा', या विचारात चहा गार झाला. शेवटी लिहिलं. मारून लावलेल्या सवयी सहजी सुटत नाहीत.

इकडे सर्व ठीक. थंडी सुरू झाली आणि प्रयोगशाळेतल्या हीटरने नेहमीप्रमाणे ऐन वेळी मान टाकली. तुझी लेक बरी आहे. स्ट्रॉने सूप पिते, स्ट्रॉने दूध पिते, आणि बोलता येत नाही म्हणून डोळे वटारून माझ्याशी भांडते. तिच्या जबड्याची तार डॉक्टरांना पुन्हा घालावी लागली. ती कशामुळे, ते पुढे येईलच. तुझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

पत्रात 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे. माझी विनंती खरोखरच विशेष आहे, म्हणून ती शेवटी लिहिते. मधेच पत्र फाडू नकोस. डाव्या हाताने नीट फाटतही नाही.

परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "हे वर्कशॉपमध्ये शिडीवरून पडले. मनगट मोडलं." मी हसत सुटले, दादा. वहिनीला वाटलं मी रडतेय, ती बिचारी मला समजवायला लागली. आपल्या घरात कोण कोण पडलं नाही सांग! आई नळावर पडायची. वहिनी न्हाणीघरात पडते, ते सुद्धा नेमकी तुझा धंदा मंदा असला की. मी तर सायकलवरून पडले होते, घरात सायकल नसताना. आता तूही पडलास. ये, आमच्यात बस.

मग तिने आवाज खाली आणला. "प्लॅस्टर निघालं की तिकडे येणार म्हणतात. पोरीला फरफटत आणतो म्हणतात. तुम्ही काहीतरी करा हो."

तेव्हा हे पत्र म्हणजे काहीतरी करणं आहे.

तू त्या दिवशी इथून जाताना फाटकावर ओरडत होतास, "पोस्टडॉक म्हणजे काय? तिशीला आली तरी पाटी घेऊनच बसणार का?" प्रश्न चांगला होता, पण उत्तराला तू थांबला नाहीस. ऐक. डॉक्टरेट झाली की माणूस संशोधक होतो, पण स्वतःची खुर्ची मिळत नाही. मग तंत्र विद्यापीठं दोन-दोन वर्षांच्या जागा काढतात. कुणाच्या तरी प्रयोगशाळेत जायचं, एक प्रश्न घेऊन बसायचं, काही सापडलं तर पुढे, नाहीतर गाशा गुंडाळायचा. यंदा विज्ञानात आणि अभियांत्रिकीत मिळून बऱ्याच जागा निघाल्या, त्यातली आमच्याकडे एकच. त्यात भवितव्य नाही असं तू म्हणतोस, ते सगळंच खोटं नाही. मी अशा जागांवरच अर्धं आयुष्य काढलं. कधी बरं कपाट घेतलं नाही, कारण पुढच्या गावी न्यायचं कसं? पण इथे एक सोय आहे जी तुझ्या वर्कशॉपमध्ये नाही. इथे एखादी वस्तू फुटली तर ती कुणाला लपवावी लागत नाही. फुटावी म्हणूनच आम्ही तिच्यात हवा भरतो.

होय, हेच माझं काम. टाक्या, सिलिंडर, पाइप, जे दाब सोसतं ते किती सोसतं हे बघायचं. जाड काँक्रीटची एक खोली आहे, तिला आम्ही कोठी म्हणतो. वस्तू कोठीत आणि माणसं पलीकडच्या खोलीत, पडद्यासमोर. हवा चढवत जायची, जरा थांबायचं, पुन्हा चढवायची. मग धडाम. पत्रा कागदासारखा फाटतो, बोल्ट भिंतीत रुततात, छताची धूळ खांद्यावर पडते आणि माझ्या पोटात दर वेळी गार वाटतं. आपल्या घरात तोडफोड फुकट चालायची, मला तिचा पगार मिळतो.

इथे दरवर्षी कान तपासतात. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेलाय, स्फोटांमुळे असेल. म्हटलं, नाही, हा मी घरूनच आणला. तुझ्या मोटरसायकलची किल्ली माझ्याकडून हरवली होती आणि तुझ्या पट्ट्याला पितळी बक्कल होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आपल्या घरात शहाणं कुणीच निघालं नाही बहुतेक.

आता ठिणगी. लेकीचं हे नाव तूच ठेवलंस. इवलीशी होती, वेल्डिंगची काच दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरून तुझ्या शेजारी उभी राहायची. तू हातातलं काम थांबवून तिला सांगायचास, बघ, लोखंड कसं एकजीव होतं. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा. मला कुणी काच दिली नव्हती. तिला शिकवायला तू कर्ज काढलंस, गावभर पेढे वाटलेस, हे मी नाकारत नाही.

पण तुला इंजिनिअर नको होती, सही हवी होती. तू करतोस ती हवेची टाकी विकायची तर तिच्यासोबत कागद लागतो, 'ही टाकी दाबाला तपासली', आणि खाली शिकलेल्या माणसाची सही. ती म्हणाली, "बाबा, आधी तपासू, मग करते." तपासायचा पंप तर कधीचा बंद पडलेला, त्यावर तुम्ही हेल्मेटं ठेवता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती नाही म्हणाली, पुन्हा नाही म्हणाली, आणि तू हातोडीचा दांडा फिरवलास. कामगारांच्या देखत. जबडा दोन जागी मोडला.

माझ्या दारात आली तेव्हा तोंडावर स्कार्फ गुंडाळलेला होता. मी म्हटलं, काय गं, थंडी वाजते का? तिने स्कार्फ सोडला. मी तुझी बहीण आहे, मी पुष्कळ पाहिलंय, तरी मी आधी दाराला आतून कडी लावली.

जागेसाठी तिने आधीच अर्ज केला होता, मला न सांगता. आत्याचा वशिला नको म्हणून. मुलाखतीच्या दिवशी मी सुट्टी घेतली, पण तिथे काय झालं ते मला सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे ती फळ्यापाशी उभी राहिली आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून दिलं. वेल्डिंगचा सांधा आतून कसा चिरत जातो, बाहेर काही दिसत नसताना, हे तिने आकृत्या काढून दाखवलं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, हसणं म्हणजे पाप समजतात. त्यांनी विचारलं, "तोंडाला काय झालं?" ठिणगीने फळ्यावर लिहिलं, "प्रश्न विषयाला धरून नाही." मोठ्या बाई हसल्या म्हणे. जागा तिला मिळाली.

आमच्याकडे रुजू होण्याआधी नव्या माणसाची सलामी असते. त्याने आपल्या पसंतीची एक वस्तू आणायची आणि कोठीत फोडायची. कितव्या आकड्याला फुटेल यावर बाकीच्यांची चहाची पैज. कुणी कुकर आणला होता, एकाने सासऱ्याने दिलेला बंब. मोठ्या बाईंनी त्यांच्या वेळी फुटबॉल आणला होता, तो फुटलाच नाही, अजून टोमणे खातात. ठिणगीने आणली तुझी टाकी. व्यापाऱ्याकडून रीतसर मागवली, तुझ्या वर्कशॉपचा शिक्का आणि दाबाचा आकडा असलेली. व्यापाऱ्याने तुला फोन केला, लेकीने तुझीच टाकी मागवलीय म्हणून, आणि टाकीच्या मागोमाग तू आलास.

आणखी एक रीत सांगते, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. इथे प्रत्येकाचं स्वतःचं एक कुलूप असतं आणि त्याची एकच किल्ली, ती ज्याच्या त्याच्या खिशात. हवेच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या दांड्याला भोकांची पट्टी आहे. कोठीत जायचं तर आधी आपलं कुलूप त्या पट्टीला लावायचं. एक जरी कुलूप असेल तरी दांडा फिरत नाही. बाहेर आलं की आपलं कुलूप आपणच काढायचं. दुसऱ्याचं कुलूप मोठ्या बाईसुद्धा काढू शकत नाहीत. पट्टी रिकामी म्हणजे कोठी रिकामी. माझं कुलूप लाल आहे.

तर त्या दुपारी पट्टी रिकामी होती. टाकी बसवली होती, हवा चढवली होती, तुझ्या शिक्क्यावरच्या आकड्याच्या जरा खाली येऊन आम्ही थांबलो होतो. बाकीचे पैजेचा चहा आणायला गेले. खोलीत मी आणि ठिणगी. कोठीला मागून माल उतरवायचं लोखंडी दार आहे, त्याला तेव्हा नुसती कडी होती. आता कुलूप बसवलंय, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. तू वर्कशॉपचा माणूस, पुढच्या दाराने तू कधी कुठे गेलास? कडी काढून तू थेट कोठीत आलास आणि आमच्या पडद्यावर उगवलास.

तू टाकीवर थाप मारलीस, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. माईकवर सगळं ऐकू येत होतं. "माझी टाकी फोडता? माझी टाकी फुटत नाही!" मग तिथल्या फळीवरचा मोठा पाना घेतलास आणि झाकणाचे बोल्ट सोडवायला लागलास. टाकी आवाज करत नाही म्हणजे रिकामी आहे, असं तू धरून चाललास. जन्मभर टाक्या करणाऱ्या माणसाने! एकही टाकी भरून न बघणाराच ही चूक करू शकतो.

माझा हात दांड्यावर होता. दांडा जरा फिरवला असता तर दाब चढला असता. माईक हाताशी होता, मी तो उचलला नाही. नियमाने पाहिलं तर आत कुणी नव्हतंच. मी उभी होते, तू बोल्टला शिव्या देत होतास आणि माझ्या डाव्या कानात, जो काही ऐकत नाही, त्यात शिट्टी वाजत होती. मग मी माझं लाल कुलूप पट्टीला लावलं, किल्ली दातांत धरली, कारण हात मोकळे हवे होते, आणि दुसरा व्हॉल्व्ह उघडून हवा सोडून दिली. तू दचकून मागे सरलास तो त्या आवाजाने. तो तुझ्या मरणाचा आवाज होता, बाहेर जाताना.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण वहिनी हे पत्र वाचेल, म्हणून लिहिते. तू आमच्या खोलीत आलास. पाना मला फेकून मारलास, तो भिंतीला लागला. ठिणगीचे केस धरून तिला खुर्चीवरून ओढलंस. मी तो पाना उचलला आणि तुझ्या मनगटावर घातला. हाडाचा आवाज आला. स्फोटानंतर जसं गार वाटतं तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू? तू खाली बसून 'आई गं' म्हणालास. अशी ही शिडी, वहिनी.

रखवालदार तुला दवाखान्यात घेऊन गेला. मोठ्या बाईंनी विचारलं, पोलिसांना बोलावू का? ठिणगीने मान हलवून नाही म्हटलं. मग बाई म्हणाल्या, "सलामी अर्धवट ठेवायची नसते." तू एक्स-रेच्या रांगेत होतास तेव्हा आम्ही टाकी पुन्हा बसवली. शिक्क्यावरच्या आकड्याला पोचायच्या आधीच फुटली. झाकण तू उभा होतास त्या जागेवरून गेलं आणि समोरच्या भिंतीत असं रुतलं की काढायला छिन्नी लागली. सांधा आतून चिरलेला होता, तिने फळ्यावर काढला होता अगदी तसा. अहवाल बाईंनी सरकारी तपासनिसांकडे पाठवलाय. तुझ्या टाक्या गॅरेजांत, पंक्चरवाल्यांकडे उभ्या आहेत, दादा. त्यांना टेकून माणसं डबा खातात.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. भांडी घासली, कपडे वाळत टाकले, परत बसले. वर एक गोष्ट मी गाळली. पोरीच्या जबड्याची तार कशी तुटली ते सांगते म्हटलं होतं. तुला वाटलं असेल, केस ओढताना तुटली. वाचणाऱ्या कुणालाही तसंच वाटेल. वाटू द्यावं, असं दोन दिवस माझ्याही मनात होतं.

दांड्यावर माझा हात होता हे खरं. त्या हातावर तिचा हात होता.

तू पडद्यावर दिसलास तशी ती खुर्चीवरून उठली. तोंड तारेने बांधलेलं, ओरडली नाही, बोलली नाही. माझ्या हातावर हात ठेवून दांडा फिरवायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. तू बोल्ट सोडवत होतास. एवढीशी होती तेव्हा काचेतून बघायची ना, तशीच टक लावून. तिच्या हातात जोर तुझा आहे, दादा. दांडा हलला. दाबाचा काटा हलला. मी म्हटलं, सोड. म्हटलं, बाळा, सोड. नाही सोडला.

मग मी तिला मारलं. कोपराने, सगळ्या ताकदीनिशी, जबड्यावर. दुसरं काही सुचलं नाही, आपल्याकडे दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तार तुटली, तिच्या तोंडातून रक्त आलं, ती खुर्चीवर कोसळली, आणि तेवढ्यात मी कुलूप लावलं. किल्ली दातांत का धरली ते आता तुला कळेल. हातात ठेवली असती तर तिने ती हिसकावून घेतली असती.

माझ्या दारात स्कार्फ सोडून उभी राहिली होती ती पोर, मार चुकवायला आली होती. तिला मी त्याच जागी मारलं. दवाखान्यात तार घालताना तिने माझा हात धरून ठेवला, सोडला नाही. मला ते सहन होत नव्हतं, पण मीही सोडवून घेतला नाही. घरी आल्यावर तिने कागदावर लिहिलं, "आत्या, बरं केलंस." खाली, बऱ्याच वेळाने, आणखी लिहिलं, "पण परत आला तर?"

ते कुलूप मी तुझ्यासाठी लावलं असं समजून तू खूश होऊ नकोस. त्या क्षणी तू मेलास की जगलास, याचं मला काही नव्हतं, देवाशप्पथ. तिच्या हातून ते होऊ नये, म्हणून लावलं. उद्या तिला त्याच हाताने लिहायचंय, सांधे तपासायचेत, कधीतरी कुणाच्या पोराला काच धरून दाखवायचीय.

सोमवारी ती रुजू होते. कालच तिला तिचं कुलूप मिळालं, तिने नारिंगी निवडलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात घातलीय. यापुढे व्हॉल्व्हपाशी ती माझ्याशिवायही उभी असेल. तिचं कुलूप लावायचं की नाही हे तीच ठरवणार, मला त्यात हात घालता येत नाही. इथली रीतच तशी आहे.

म्हणून विनंती विशेष ही, की येऊ नकोस. प्लॅस्टर निघालं तरी नको, वय झालं तरी नको, ती स्वतः बोलावेपर्यंत नको. बोलावेल का, मला माहीत नाही. मी तिला तुझ्याविरुद्ध एक शब्द सांगत नाही आणि तुझ्या बाजूनेही सांगत नाही. माझ्या अंगात पुन्हा तिला मारायचं बळ नाही, दादा. मुद्दा एवढाच आहे.

वहिनीला हे पत्र मोठ्याने वाचायला लाव. तुझा हात दुखतोय, वाचून दाखवणं तिचं कामच आहे. वहिनी, नमस्कार. तुमची खोली तयार आहे, गादी मी या वेळी नवी घेतली.

आणि दादा, वहिनी जर आता शिडीवरून पडली, तर मी येईन. पाना माझ्याकडेच आहे.

तुझी,
उजव्या कानाने सगळं ऐकणारी,
धाकटी